परक्या प्रवाशाची जबानी कशी घ्यावी?

बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात मी शिवराज्याभिषेकावर बोलत होतो. सोहळ्याचं वर्णन दोन इंग्रजांनी केलंय, एक ईस्ट इंडिया कंपनीचा दूत हेन्री ऑक्सिंडेन आणि दुसरा डॉक्टर जॉन फ्रायर, दोघांचं जुळतं, तेव्हा शंकेला जागा नाही, असं मी ठासून सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. "फ्रायर गडावर होता काय हो?"

मी "बघून सांगतो" म्हणालो. घरी येऊन बघितलं. फ्रायर त्या दिवशी रायगडावर नव्हताच. त्याचं वर्णन ऑक्सिंडेनच्या वृत्तांतावर बेतलेलं. मग जुळणारच की! एकाच साक्षीदाराची जबानी मी दोनदा मोजली होती आणि वर ठासूनही सांगितली होती.

इतिहासात नव्याने रमलेली बरीच मंडळी अलीकडे विचारतात की परकीय प्रवाशांची वर्णनं वाचायची तर सुरुवात कुठून करू. त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं आपल्याच मुलखातली, चौल-जुन्नरपासून दौलताबाद-सुरतेपर्यंतची घेतली आहेत, कारण ओळखीच्या जागेवर चूक पटकन सापडते.

१. अख्खं पुस्तक नको, एक पान घ्या

प्रवासवर्णन पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर तिसऱ्या दिवशी कपाटात जाईल. आधी शेवटची सूची उघडा, आपलं गाव किंवा जवळचं बंदर शोधा आणि तेवढंच पान काढा. जुनी इंग्रजी भाषांतरं स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट मिळतात. लंडनच्या हॅक्लुट सोसायटीने १८४७ पासून अशी वर्णनं टिपांसह छापली आहेत, त्यांतली पुष्कळ सापडतील. तळटिपा असलेलीच प्रत घ्या. बिनटिपांची गुळगुळीत आवृत्ती नवख्याला गोत्यात आणते.

त्या पानाची प्रिंट काढा आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा. प्रवाशाने स्वतः पाहिलेलं हिरवं, कुणीतरी सांगितलेलं पिवळं, आणि दुसऱ्याच्या लिखाणातून उचललेलं तांबडं. प्रत्येक वाक्याला रंग द्यायचा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

सरावाला इब्न बतूताचं दौलताबाद घ्या. हा मोरोक्कोचा काझी. महंमद तुघलकाच्या चाकरीत राहिला आणि १३४२ मध्ये चीनला राजदूत म्हणून निघाला, त्या वाटेवर त्याने दौलताबाद पाहिलं. शहराचे तीन भाग होते, दौलताबाद, कटक आणि देवगिरीचा किल्ला, असं तो सांगतो. हे हिरवं. किल्ल्यात मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत आणि मांजरंच त्यांना भिऊन पळतात, हे आपण पाहिल्याचं तो लिहितो. हेही हिरवंच, मग हसू आलं तरी. (घूस हा प्राणी पाहिलेल्या मराठी माणसाला फारसं हसू येणार नाही.) त्यापुढे मलिक खत्ताब नावाचा अफगाण सरदार येतो. याला तिथल्या उंदरांच्या कोठडीत टाकलं होतं, रात्रभर तो उंदरांशी झुंजायचा, स्वप्नात त्याला कुराणातली एक सुरा (अध्याय) लाख वेळा म्हणायचा आदेश झाला आणि ती म्हणून तो सुटला. ही गोष्ट खुद्द खत्ताबने बतूताला सांगितलेली, म्हणून पिवळी.

एकाच परिच्छेदात शहराची रचना, घुशी आणि चमत्कार एकमेकांना खेटून बसलेत. "इब्न बतूता थापाड्या" म्हणून पान फेकलंत तर शहराचा नकाशा गेला. "प्रत्यक्षदर्शी" म्हणून सगळं डोक्यावर घेतलंत तर स्वप्नही इतिहासात आलं. खरं-खोटं माणसाचं ठरवू नका, वाक्याचं ठरवा.

२. पाहिलं कधी, लिहिलं कधी, छापलं कधी

पानाच्या वरच्या कोपऱ्यात तीन सालं लिहा. इब्न बतूताने आपला प्रवास १३५५ मध्ये फेज शहरात इब्न जुझय नावाच्या लेखकाला तोंडी सांगितला. म्हणजे दौलताबाद आठवून सांगताना मध्ये बारा-तेरा वर्षं गेलेली. बुखाऱ्याच्या कबरींवरून उतरवून घेतलेले लेख हिंदुस्थानच्या समुद्रात लुटारूंनी नेले, असं तो स्वतःच सांगतो. हाताशी टिपणं किती उरली असतील याचा अंदाज त्यावरून करा. शिवाय इब्न जुझयने अरबस्तान-सीरियाच्या भागात इब्न जुबैर या जुन्या प्रवाशाच्या पुस्तकातले उतारे सरळ घातलेत. तांबडी पेन्सिल तिथे लागते.

अफानासी निकितिन हा त्वेरचा रशियन व्यापारी, बहामनी काळात चौलला उतरलेला. त्याचं प्रकरण उलटं. तो परतताना स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच वारला आणि त्याची टिपणं १४७५ मध्ये मॉस्कोत पोचली. पुन्हा वाचून नीटनेटकं करायला त्याला सवडच मिळाली नाही. त्यामुळे मजकूर ओबडधोबड आहे, मध्येच प्रार्थना येतात, मध्येच तुर्की-फारसीची खिचडी येते. मला मात्र हा ओबडधोबडपणाच भरवशाचा वाटतो. फ्रायर १६८२ मध्ये इंग्लंडला परतला आणि त्याचं पुस्तक छापलं गेलं १६९८ मध्ये. मधल्या सोळा वर्षांत काय पुसलं, काय चढवलं, हे कळायला वाव नाही.

निकितिन इथे नेमका कधी होता यावरही दुमत आहे. जुने अभ्यासक १४६९ ते १४७२ म्हणत, नंतरचे काही जण १४७१ ते १४७४ म्हणतात. वाटेत लुटला गेला तेव्हा त्याची धर्मपुस्तकं गेली, सणांचा हिशेब चुकला आणि ईस्टर कधी येतो हेच त्याला कळेना. त्याच्या तारखा वापरताना हे ध्यानात असू द्या.

३. हा इकडे आला कशाला?

निकितिन एक घोडा विकायला घेऊन आला होता. त्या घोड्यावर त्याचे शंभर रूबल गेले होते. जुन्नरला असदखानाने घोडा काढून घेतला आणि अट घातली की मुसलमान हो, घोडा परत आणि वर हजार सुवर्णनाणी, नाहीतर घोडाही जाईल आणि दंडही पडेल. मुदत चार दिवस. खोरासानच्या एका महंमद नावाच्या माणसाने मध्यस्थी केली म्हणून सुटका झाली. आता त्याचं पान पुन्हा वाचा. घोड्यांबद्दल तो जे लिहितो (या मुलखात घोडे पैदा होत नाहीत, त्यांना काय खायला घालतात) ते धंदेवाइकाच्या नजरेचं म्हणून वजनदार. लोकांच्या श्रद्धांबद्दल मात्र धास्तावलेला, एकटा पडलेला माणूस बोलतोय. सरदार अति श्रीमंत आणि गावचे लोक कंगाल, हे त्याचं निरीक्षण इतिहासाच्या पुस्तकांत हमखास सापडतं. ते लिहिणाऱ्याचा घोडा हिसकावला गेला होता हे शेजारी क्वचितच सापडतं.

फ्रान्स्वा बर्निए तर ठार वेगळा. शिकलेला फ्रेंच वैद्य, १६५८ च्या सुमारास मोगल दरबारी पोचलेला. मोगलांच्या राज्यात जमिनीवर खाजगी मालकी नाही, सगळी बादशहाची, म्हणून देश उजाड होतोय, असं त्याने फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याला पत्रातून कळवलं. त्याला हिंदुस्थान दाखवून आपल्या राजाला सावध करायचं होतं. पुढे कार्ल मार्क्सनेही १८५३ मध्ये एंगल्सला लिहिताना बर्निएचाच आधार घेतला. पत्र कुणाला लिहिलंय हे आधी बघा, मग काय लिहिलंय ते.

४. शब्द जपून

नवखे सगळ्यात जास्त इथे पडतात, म्हणून जरा रेंगाळतो.

निकितिन लिहितो की हिवाळा ट्रिनिटीच्या सणाला सुरू झाला. हा सण मे-जूनमध्ये पडतो. जुन्नरला मे-जूनमध्ये हिवाळा? पुढची ओळ वाचली की उलगडतं: चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात. त्याचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. प्रवास बंद पडण्याच्या ऋतूला त्याच्या गावी हिवाळा म्हणत, इतकंच. पोर्तुगीजही पावसाळ्याला हिवाळ्याचाच शब्द वापरत. गोव्याच्या कागदात "हिवाळ्यात जहाजं अडकली" असं दिसलं तर आधी आषाढ-श्रावण आठवा.

पॅगोडा हा दुसरा खड्डा. पोर्तुगीज आणि इंग्रजी लिखाणात हा एकच शब्द देवळाला, देवाच्या मूर्तीला आणि सोन्याच्या नाण्याला, म्हणजे होनाला, वापरलेला असतो. मागचंपुढचं वाचूनच ठरवावं लागतं. कानारी हा तिसरा. गोव्यातले पोर्तुगीज स्थानिक लोकांना आणि त्यांच्या भाषेला हे नाव देत. फादर थॉमस स्टीफन्सचं "कानारी भाषेचं" व्याकरण १६४० मध्ये छापलं गेलं, ते कोकणीचं आहे. कन्नड समजून वाचलंत तर फजिती.

माणसांची नावं तर ओळखू येत नाहीत. इदालकांव म्हणजे आदिलखान, निझामालुको म्हणजे निजाम-उल-मुल्क, अर्थात अहमदनगरचे निजामशहा. निकितिनचा मेलिकतुचार म्हणजे मलिक-उत्-तुज्जार, बहामनी वजीर महमूद गावान. इंग्रजांच्या पत्रांत रायगड "रायरी" असतो, बासाइंव म्हणजे वसई. एक वही करा, डाव्या रकान्यात पुस्तकातलं नाव, उजव्या रकान्यात आपलं. महिनाभरात ती वही छापील कोशापेक्षा कामाची होते, असा माझा अनुभव.

५. तारीख दहा दिवसांनी सरकते

राज्याभिषेक ६ जून १६७४. ही तारीख ऑक्सिंडेनच्या वृत्तांताप्रमाणे जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाची. इंग्रजांनी नवं ग्रेगोरियन पंचांग १७५२ मध्ये घेतलं. पोर्तुगिजांनी ते १५८२ मध्येच घेतलं होतं. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. त्यामुळे गोव्याच्या पोर्तुगीज कागदात एखाद्या घटनेची तारीख १६ आणि मुंबईच्या इंग्रज कागदात ६ दिसली, तर कुणी खोटं बोलत नाहीये. दिवस एकच.

याच दिवसाची आपली नोंदही बघण्यासारखी आहे. सर्वसाधारणपणे तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ आणि वार शनिवार सांगतात. जेधे शकावलीत (जेधे घराण्याच्या तारीखवार नोंदींत) मात्र द्वादशी, शुक्रवार आहे, आणि तीन घटिका रात्र उरली असता राजे सिंहासनावर बसले असं म्हटलंय. विरोध नाही. आपला वार सूर्योदयाला बदलतो. पहाटेच्या अंधारात शुक्रवारच चालू होता, घड्याळाच्या मध्यरात्रीप्रमाणे शनिवार लागला होता. ऑक्सिंडेन सकाळी दरबारात गेला, तो उजाडल्यावर.

आणखी एक खोच आहे. इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला लागे. म्हणून जानेवारी १६६४ मधलं, सुरतेच्या पहिल्या लुटीच्या वेळचं पत्र १६६३ सालचं दिसतं, किंवा संपादक १६६३/४ असं लिहितात. हे ठाऊक नसलेल्या माणसाने लूट वर्षभर आधी ढकललेली मी छापील पुस्तकात पाहिली आहे.

६. आकडा आला की वजनकाटा काढा

मलिक-उत्-तुज्जारकडे दोन लाख फौज, असं निकितिन सांगतो. त्याने ती मोजली नव्हती. "दोन लाख" हा बाजारात बोलला जाणारा आकडा, फौज मोठी होती एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

पण सगळे आकडे फेकायचे नसतात. ऑक्सिंडेन सांगतो की राजांची सुवर्णतुला झाली आणि ती सुमारे सोळा हजार होनांची भरली. गुणाकार करा. होन ३.४ ग्रॅमचा धरला तर ५४ किलो होतात. शिवराई होन हलका, सुमारे २.८ ग्रॅमचा, तो धरला तर ४५. दोन्ही आकडे माणसाच्या वजनाचे आहेत, आणि राजे उंचीने बेताचे होते असं दुसरीकडूनही कळतं. आकडा टिकला.

हाच काटा आपल्या बखरींनाही लावा. बखरकार सभासद बत्तीस मण सोन्याचं सिंहासन आणि एक कोटी बेचाळीस लाख होन खर्च सांगतो. सभासद आपला आणि ऑक्सिंडेन परका, म्हणून एकाला सूट आणि दुसऱ्याची उलटतपासणी, असं चालत नाही. व्याख्यानात मी हे म्हणतो तेव्हा थोडी कुजबुज होते.

७. पुस्तकं नव्हे, साक्षीदार मोजा

आजोबांनी मला शिकवलं ते हे. एखादी गोष्ट तीन पुस्तकांत आहे म्हणून ती तिप्पट खरी होत नाही. प्रत्येकाला विचारायचं, तुला कुणी सांगितलं?

शिवाजी महाराजांचं प्रसिद्ध वर्णन घ्या: ठेंगणे, सरळ, बांधेसूद, नजर तीक्ष्ण, आपल्या लोकांपेक्षा गोरे. ते एस्कलिओ नावाच्या इंग्रज पाद्र्याच्या जानेवारी १६६४ च्या पत्रातलं. तो त्या वेळी सुरतेतच होता, म्हणून लोक ते डोळ्यांनी पाहिलेलं समजतात. पण राजांना पाहिलं होतं अँथनी स्मिथ या वखारीतल्या माणसाने. मराठ्यांनी त्याला पकडून छावणीत नेलं होतं, आणि सुटून आल्यावर त्याने सांगितलेलं पाद्र्याने टिपलं. म्हणजे पिवळी पेन्सिल, पण सांगणारा पक्का आणि आठवण ताजी. असं पिवळं मी पुष्कळ हिरव्यांच्या वर ठेवतो. याउलट तेवनो हा फ्रेंच प्रवासी १६६६ मध्ये सुरतेला उतरला, लुटीला दोन वर्षं होऊन गेली होती. राजे आधी फकिराच्या वेषात शहर हेरून गेले होते, असं तो लिहितो. लुटलं गेलेलं शहर दोन वर्षांनी काय बोलत होतं, हे त्यातून कळतं. त्यासाठी ते जपून ठेवा, सुरतेच्या मोहिमेचा पुरावा म्हणून नको.

८. शेजारी आपला कागद ठेवा

बर्निए म्हणतो जमिनीची मालकी नाही. आपल्याकडची मिरासपत्रं (वंशपरंपरेच्या जमिनीचे कागद), वतनाचे महजर (निवाडापत्रं), जमिनीची खरेदीखतं काढून बघा. मिरासदार पिढ्यान्‌पिढ्या जमीन धरतो, विकतो, तिच्यावरून भाऊबंदांशी भांडतो आणि गोतसभेत, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभेत, निवाडा मागतो. बर्निएने दिल्ली-आग्र्याच्या जहागिरी पाहिल्या आणि सगळा देश त्यात बसवला. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने असे कागद १९१० पासून जमवले, छापले आहेत. मोडी येत नसली तरी बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, छापलेले भरपूर आहेत. गोव्यासाठी पणजीचं पुराभिलेखागार आहे, पण तिथे पोर्तुगीज लागते.

प्रवाशाकडून काय मागायचं हेही यातून कळतं. आपल्या कागदांत वतन, वसुली, तंटे खच्चून भरलेत, पण लोक रोज काय खात, दरबारात भाले कसे लावले होते, हे कुणी लिहून ठेवत नाही, कारण सगळ्यांना ते ठाऊकच असतं. परक्याला नवल वाटतं म्हणून तो लिहितो. नंदुरबारचे मराठे भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात लग्न करत नाहीत, हे आपल्याला इब्न बतूता सांगतो. निकितिन घोड्यांच्या खाण्यात खिचडीचं नाव नोंदवतो. राजांच्या सिंहासनाशेजारी सोनेरी भाल्यावर लटकणारा तराजू ऑक्सिंडेनच्या नजरेत भरतो, आणि एवढ्या चढणीवर हत्ती आणले कसे हेही त्याला पडलेलं कोडं.

९. कार्ड लिहा

शेवटी प्रत्येक नोंदीचं एक कार्ड. प्रवासी, पाहिल्याचं साल, लिहिल्याचं साल, पेन्सिलीचा रंग, मूळ शब्द, आपला अर्थ. मूळ शब्द आणि आपला अर्थ कधीही एका ओळीत नको, मिसळले की सहा महिन्यांनी कुठला कुणाचा ते कळत नाही.

माझं एक कार्ड असं आहे. निकितिन, जुन्नर. पाहिलेलं. मूळ: शहर दगडी बेटावर आहे, माणसाने बांधलेलं नाही, देवाने घडवलेलं. वर जायला दिवस लागतो, वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जाईल, दोघं जाऊ शकत नाहीत. अर्थ: शिवनेरी.

हे लिहिल्यावर मी शिवनेरीवर गेलो. सात दरवाजांची वाट रुंद आहे, शाळेची सहल ओळीने नाही, घोळक्याने चढत होती. साखळीच्या वाटेला मात्र "दोघं जाऊ शकत नाहीत" हे अगदी लागू पडतं. पण जुन्नरभोवती चावंड आहे, हडसर आहे, जीवधन आहे, आणि अरुंद वाटा तिथेही आहेत. खाली उतरून चहाच्या टपरीवर मी कार्ड काढलं आणि "शिवनेरी"पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घातलं. ते अजून खोडलेलं नाही.